पाठीवरची चेन

जया मेश्राम पोहायला शिकली ती खाप्याला, कन्हान नदीच्या पाण्यात, भावंडांच्या मागं लागून. लग्नानंतर ती कोराडीच्या वसाहतीत आली, वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. पुन्हा पाण्यात उतरली ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर, गुडघे कुरकुरू लागले म्हणून, नागपुरातल्या एका जलतरण तलावात. तिथं तिला कुसुमताई भोयर भेटल्या.

कुसुमताई तिच्याहून थोड्या मोठ्या. यजमानांची नागपूरजवळच्या वाडीला गोदामं. प्रौढांच्या राज्य स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक दरवर्षी त्यांचंच. पहिल्याच दिवशी जया काठ धरून धापा टाकत होती, तेव्हा त्या शेजारी येऊन म्हणाल्या, "श्वास कोंडून काहून पोहून राहिली वं? पाण्यात सोड तो." तेव्हापासून त्यांनी तिला सगळं शिकवलं. उडी कशी घ्यायची, भिंतीला पाय कसा मारायचा, सगळं. जयाचा नवरा गेला त्या वर्षी ती घराबाहेर पडेना, तर कुसुमताई स्वतः गाडी घेऊन कोराडीला आल्या आणि तिला तलावावर घेऊन गेल्या. सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं, असं जया सगळ्यांना सांगायची.

जया स्पर्धांत उतरू लागली ती अलीकडंच, आणि दोघींचे वयोगट वेगळे होते, त्यामुळे शर्यतीत त्या कधी समोरासमोर आल्या नव्हत्या. यंदा जयाला पंचावन्न पूर्ण झाली आणि ती कुसुमताईंच्या गटात आली.

स्पर्धा नागपुरातच होती. आठवडाभर आधी कुसुमताईंनी तिच्या हातात एक पिशवी ठेवली. आत गुडघ्यापर्यंतचा काळा, चकाकता पोशाख होता. हाताला रबरासारखा लागणारा, पाठीला लांब चेन असलेला.

"लेकीनं, भूमिकेनं, पाठवला होता परदेशातून. मले काचते. तू घाल."

"एवढा भारी? तुमीच घाला ना, ताई."

"माहं काय, मी जिंकूनच राहिली. तुले दुसरा नंबर तरी येईल."

जया हसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी तो पोशाख अंगावर चढेना. शेवटी कुसुमताईंनीच तिला भिंतीला हात टेकून उभं केलं आणि दोन्ही हातांनी चेन वर ओढली. "पोट आत घे, जया." दोघी हसून दमल्या. हजेरीच्या वेळी जयाच्या अंगात टी-शर्ट होता, त्यामुळे आतलं कुणी पाहिलं नाही.

शिट्टी झाली. पोशाखानं शरीर पाण्यावर असं उचलून धरलं होतं की जयाला आपलं वजनच जाणवेना. भिंतीला आधी तिचे हात लागले. कुसुमताई मागून आल्या. जयानं चष्मा कपाळावर सारला आणि हसून बाजूच्या लेनकडं पाहिलं. कुसुमताई शिडीकडं निघाल्या होत्या.

थोड्या वेळानं निकाल वाचला गेला. पहिल्या कुसुमताई. जया मेश्राम बाद.

ती पंचांच्या टेबलाशी गेली. पंच सौम्य माणूस होता. "मॅडम, चेन असलेला पोशाख चालत नाही. अन् हे नुसतं कापड नाही, यावर रबरासारखा थर आहे. यानं माणूस जास्त तरंगते. हे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली."

"मले माहीत नव्हतं. अन् तुमी आता काहून सांगून राहिले?"

"तक्रार आली, म्हणून पाहावं लागलं."

"कोणाची?"

टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या कुसुमताई म्हणाल्या, "माही."

"तुमाले हा नियम माहीत होता?"

"मागच्या वर्षी एका बाईले याच्यासाठीच काढलं होतं. माह्यासमोर."

"मंग मले काहून देला?"

"देताना मनात काही नव्हतं, जया. मले वाटलं, तू मागंच राहशील. मागच्याचा पोशाख कोण पाहते?"

कट रचला असता तर जयाला राग तरी धरता आला असता. पण हा कटही नव्हता. म्हणजे इतकी वर्षं ही बाई आपल्याला शिकवत होती ती आपण मागंच राहणार, या भरवशावर.

कपडे बदलताना चेनीपर्यंत तिचा हात पोचेना. अमरावतीहून आलेल्या रोशनी नावाच्या अनोळखी पोरीनं ती उघडून दिली. "रडू नका, काकू," ती म्हणाली. आपण रडतोय हे जयाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी शंभर मीटरला ती आपला साधा पोशाख घालून उतरली. कुसुमताईंच्या मागं दुसरी आली. आपण खरंच मागं आहोत, की आदल्या रात्री झोप लागली नव्हती म्हणून, हे तिला आजही सांगता येत नाही.

महिन्याभरानं कुसुमताई कोराडीला आल्या. जयानं चहा केला.

"सकाळी येत जा वं परत. तू नाही तर करमत नाही मले."

"मी संध्याकाळची वेळ घेतली."

"एका शर्यतीपायी?"

"शर्यतीपायी नाही," जया म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

आता ती संध्याकाळी पोहते. नव्या बायका तिचं पोहणं पाहून विचारतात, कुणाकडं शिकलात? जया खोटं बोलत नाही. "कुसुम भोयर," ती म्हणते. ताई म्हणायचं तिनं सोडून दिलं आहे.