खांद्यावरची चार बोटं

उभ्या आयुष्यात कुणालाही न कापलेला माणूस मी एकच पाहिला. आदिलाबादला आमच्या कचेरीसमोर त्यांचं दुकान होतं आणि सारं गाव त्यांना फोटोवाले काका म्हणे. त्यांच्यावर लिही, असं मला कितीतरी जणांनी सुचवलं. दर वेळी मी त्यांच्या दोन गमती सांगून विषय बदलला. गमती सांगणं सोपं होतं. आता नव्वदीकडे झुकलो आहे, तेव्हा उरलेलंही सांगून टाकतो.

कापणं म्हणजे फोटोतून कापणं. निगेटिव्हवरून फोटो छापताना नको तो भाग वगळणं अगदी सोपं असे. निगेटिव्हवर काळ्या कागदाची चौकट ठेवली, की चौकटीबाहेरचं जग नाहीसं. सगळे फोटोवाले हे करत, काका मात्र अख्खी निगेटिव्ह छापत, चारही काठांसकट. त्यामुळे त्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरीशेजारी मांडवाचे डहाळे खाणारी बकरी असे. पटवाऱ्याच्या रुबाबदार फोटोत त्याची पिकदाणी आणि पिकदाणीकडे संशयानं पाहणारं कुत्रं असे. बेला गावच्या एका कास्तकारानं मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढून घेतला. मुलगी छान आली होती, पण कडेला तिचा धाकटा भाऊ, चड्डी घोट्यापर्यंत आलेली, भोकाड पसरून उभा.

"तेवढं पोट्टं काढून टाका," बाप म्हणाला.

"काऊन? होता ना तो तिथं?"

"होता. पन लगन त्याचं न्हाई."

"त्याच्या बहिनीचं हाय. ते रडून राह्यलं, अन तुमी त्याले कापता?"

बापानं कपाळाला हात लावून फोटो तसाच धाडला. मुलाकडच्यांचं उत्तर आलं, मुलगी पसंत आहे, रडणाऱ्या लहानग्याची तब्येत आता कशी आहे ते कळवावे.

काठांचं हे वेड फोटोपुरतं नव्हतं. ज्वारीच्या भाकरीचा करपलेला काठ ते आधी खात. वर्तमानपत्र वाचताना शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचं नाव येई, तेही वाचल्याशिवाय घडी घालत नसत. भजनाला, पंगतीला, मयताला, कुठंही गेले तरी कडेला बसत आणि मधे बोलावलं तर म्हणत, "इथून सारे दिसतात." मी साधा कारकून, पण पहिल्या दिवसापासून मला ते "पेशकारसाहेब" म्हणत. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीत गावभर फराळाची ताटं फिरत असताना ते दुकानाच्या खिडकीशी बसून जुन्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहत. एकदा मी लाडू घेऊन गेलो, तर हातातली निगेटिव्ह न सोडता म्हणाले, "ही बकरी आता नसंल, पेशकारसाहेब. नवरा-नवरी हायेत नार्नूरले, चार लेकरं झाली. बकरीची याद कोन ठेवंल?" लाडू त्यांनी लगेच खाल्ला नाही. समोर मांडून ठेवला, पाहुणा आल्यासारखा.

मग छप्पन साल आलं. निझामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती, आता त्या मुलखाचीच वाटणी निघाली. मराठवाडा मुंबईकडे, आदिलाबाद तेलुगू मुलखात. कचेरीत कोण जाणार, कोण राहणार याच्या याद्या लागल्या. काका म्हणाले, "नकाशा कापाले बसले म्हनतात साहेब लोकं. काठावरच्यानं काय करावं?" माझं नाव नांदेडच्या यादीत होतं.

निघण्याआधी कचेरीच्या अंगणात सगळ्यांचा फोटो ठरला. मधे खुर्चीवर तहसीलदारसाहेब, बाकी आम्ही उभे, मी डाव्या टोकाला. काकांच्या कॅमेऱ्याला एक किल्ली होती. ती फिरवली की दहा-बारा सेकंदांनी फोटो आपोआप निघे. ती त्यांनी कधी वापरली नव्हती. मीच म्हणालो, "काका, आज तुम्हीही या." ते नको नको म्हणाले, मी हट्ट धरला. शेवटी त्यांनी किल्ली फिरवली आणि पळत सुटले. वाटेत धोतराचा सोगा पायात आला, तोल गेला आणि पडता पडता त्यांनी माझा खांदा धरला. तेवढ्यात फोटो निघाला. तहसीलदारसाहेबांसकट सगळी कचेरी हसली. काकाही हसले, आणि हात तसाच माझ्या खांद्यावर राहिला.

काका आपली निगेटिव्ह कधीच कुणाला देत नसत. ती मात्र त्यांनी उजेडात धरून न पाहताच माझ्या हातात ठेवली.

"मोठा फोटो काढाचं यंत्र माझ्यापाशी न्हाई. नांदेडले काढा. अन त्याची एक प्रत मले धाडा, मी तवाच पाहीन. माझा एकबी फोटो न्हाई, पेशकारसाहेब. काढनारा कोन होता?"

नांदेडच्या नव्या कचेरीत माझ्या बोलण्याला हसत. मी 'काऊन' म्हटलं की कुणीतरी ते मोठ्यानं पुन्हा म्हणे. फोटो करायला गेलो तेव्हा त्यांतले दोघे सोबत होते. दुकानदारानं निगेटिव्ह यंत्रात घातली आणि खाली पांढऱ्या कागदावर आमची सगळी कचेरी उमटली. डावीकडे हललेला, सोगा सुटलेला, तोंड उघडं असलेला एक माणूस.

"हा कोण?" दुकानदारानं विचारलं.

"तुमच्या तिकडचं दिसतंय कुणीतरी," सोबतचा एक जण मला म्हणाला, आणि दोघे हसले.

"कुणी नाही," मी म्हणालो. "कापा."

दुकानदारानं कागदाच्या कडेची लोखंडी पट्टी दोन बोटं आत सरकवली. एवढंच. मला न कापता काकांचा हात काही निघेना, म्हणून माझ्या खांद्यावर चार बोटं राहिली. तो फोटो पुढं कित्येक वर्षं माझ्या घरात होता. लोक विचारत, हा हात कुणाचा? मी म्हणे, भुताचा. लोक हसत.

काकांना प्रत धाडली तीही तीच, कापलेली. काकांचं कार्ड आलं, 'फोटो पावला. साहेबांचे बूट फार छान चमकले. आपण खुशाल असावे.' जन्मभर काठ पाहणाऱ्या माणसानं मधल्या माणसाच्या बुटांबद्दल लिहिलं होतं.

निगेटिव्ह माझ्या ट्रंकेत शाबूत होती. तिच्यात काका पुरे होते. कधीही छापता आले असते. दर दिवाळीला वाटे, या वर्षी छापू. निवृत्त झाल्यावर एकदाचा अख्खा फोटो छापून घेतला, पिशवीत घातला आणि आदिलाबादची बस धरली. वाटेभर एकच वाक्य घोकत होतो.

दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी ओळखून म्हणाला, "लय दिवस लावले तुमी, पेशकारसाहेब. दोन सालं झाली त्यायले जाऊन." मग वर बोट करून म्हणाला, "तुमचा फोटो मी ठेवला पाहा."

मशीनच्या वर भिंतीवर एक मोठा पुठ्ठा होता. माझ्याकडून गेलेला फोटो काकांनी त्याच्या मधोमध चिकटवला होता आणि डावीकडे, जिथं फोटो संपतो तिथून, पेन्सिलीनं पुढचं काढलं होतं. अंगणाची भिंत, दाराची कडी, पायरीवरची घागर, सगळं जागच्या जागी. माझ्या खांद्यावरच्या चार बोटांपासून निघून हात कोपरापर्यंत आला होता. तिथं रेघ थांबली होती. पुढचा माणूस त्यांना काढता आला नव्हता. फोटोत आपण कसे दिसतो, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पिशवीतला फोटो मी काढून त्या पुठ्ठ्याशेजारी धरला. शिंपी मशीन थांबवून पाहत राहिला. मग म्हणाला, "धोतर सुटलं व्हतं की काय त्यायचं?" मी मान हलवली. वाटेभर घोकलेलं ते वाक्य त्याच्याजवळ बोलण्यासारखं नव्हतं. ज्यांच्यासाठी होतं, त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवतो. काका, नांदेडच्या दुकानदारानं 'हा कोण?' म्हणून विचारलं होतं, तेव्हा मला तुमचं नाव सांगायचं होतं.