बाबांचे लांब बिट

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. पुण्यात त्याचा पगार मिळतो, आणि हिंजवडीला न्यायला कंपनीची बससुद्धा कोपऱ्यावर येते. ती चुकू नये म्हणून मला गजर लावावा लागत नाही. सकाळी सहाला मागच्या गॅलरीत बाबांचा धार लावायचा ग्राइंडर घुर्र करतो, मी उठते. लहानपणापासून असंच. चुका शोधायची खोड मात्र घरीही सुटत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी ते तीन मुद्द्यांत सांगते, असं आई म्हणते.

आणि तरी बाबांच्या स्क्रू पिळायच्या मशीनचे बिट का टिकत नाहीत, हे मला दोन महिने सापडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

बाबा सुतार. चंद्रपूरहून पुण्याला आले ते रंधा, करवत आणि पटाश्या घेऊन. पुढे शहरात आयटीवाल्यांचे फ्लॅट उभे राहिले आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत कारखान्यातून कापून आलेली कपाटं बसायला लागली. तासायचं काही नाही, खाचा पाडायच्या नाहीत, नुसते स्क्रू पिळायचे. त्यात बाबांचं उजवं मनगट दुखावलं. चहाचा कप ते डाव्या हातानं उचलायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पेचकस हातानं पिळणं बंद, नाहीतर हात कामातून जाईल. मी लगेच बॅटरीवर चालणारं मशीन आणलं.

मशीन गुणाचं होतं, पण कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात त्याचं डोकं शिरेना. तिथं लांब बिट लागतो, म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायची वीतभर पोलादी कांडी, टोकाला अधिकच्या चिन्हासारख्या खाचा असलेली. हा बिट आठवडाभरही टिकेना. टोक स्क्रूवरून घसरायला लागलं की बाबा गुपचूप पिशवीतून जुना पेचकस काढायचे. संध्याकाळी मनगट सुजलेलं दिसलं की मी ओळखायची, बिट गेला.

माझा सगळा राग विकणाऱ्यांवर. पहिला बिट स्वारगेटजवळच्या फुटपाथवरून घेतला, सोनेरी रंगाचा. तो दुसऱ्याच दिवशी चकलीसारखा पिळला गेला. त्याबद्दल तक्रार नाही, सोन्याला भुलले ती मीच. दुसरा मंडईमागच्या दुकानातला. तिसऱ्यासाठी परदेशी ऑनसाइट गेलेल्या मैत्रिणीला गळ घातली. लोक तिकडून चॉकलेटं मागवतात, माझ्यासाठी ती बिचारी हार्डवेअरची दुकानं धुंडाळत बसली. तोही सहाव्या दिवशी गेला. जगातलं पोलादच बिघडलंय, असं मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जाहीर करून टाकलं.

चौथा कसबा पेठेतल्या एका जुन्या दुकानातून आणला. पाच दिवसांनी तोच बिट मुठीत घेऊन मी पुन्हा त्या पायरीवर उभी होते.

"वर्षभर बघायला नको म्हणाला होतात. पाच दिवस टिकला!"

दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. "आपण भांडायला आला आहात ना? मग आत या, स्टूल आहे. उभ्यानं भांडलं की पाय दुखतात."

मी बसले नाही. त्यांनी बिट हातात घेतला, चष्मा खाली ओढला आणि खणातून कानस काढली. बिटाच्या मधल्या भागावर घासली, ती नुसती घसरली. टोकावर घासली, तर खरवडून बारीक कीस निघाला.

"टोक निळं पडलंय, दिसतंय? कोणीतरी ग्राइंडरच्या चाकावर धरलाय. एवढंसं टोक, पाण्यात बुडवेपर्यंत जळतं. पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. आता ही मेणबत्ती आहे."

"आमच्या घरी कोण धरणार..." एवढं मी म्हणाले आणि थांबले. सकाळी सहाचा घुर्र माझ्या कानात वाजला. इतकी वर्षं तो आवाज ऐकून उठत होते, पण बाबा रोज धार कशाला लावतात हे कधी विचारलंच नव्हतं.

"काखेत कळसा," दुकानदार म्हणाले. "गावाला वळसा घालताना आमचं दुकान मध्ये आलं, एवढंच." त्यांनी नवा बिट कागदात गुंडाळला आणि जुना पुन्हा उजेडात धरला. "ज्यांनी धरला त्यांना सांगा, चाकाला लावू नका. आणि हेही सांगा, की चारही खाचा एकसारख्या घासल्या आहेत. असा हात आता बघायला मिळत नाही."

घरी येऊन मी दोन्ही निरोप दिले. बाबांनी ऐकून घेतलं. हाताच्या कौतुकावर किंचित हसले.

"धार नाही त हत्यार कायचं?" ते म्हणाले. मग नवा बिट हातात घेतला. "रंधा माळ्यावर, पटाश्या माळ्यावर. पिशवीत धार लावाले हेच होतं. मंग सकाळी मी काय करू वं?"

माझ्याकडे पोलादाबद्दलचे तीन मुद्दे तयार होते. ते तसेच घेऊन मी आत गेले.

बिट टिकला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, मनगटाची सूज उतरली. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण सकाळी सहाचा घुर्र बंद झाला. पहिल्याच आठवड्यात माझी दोनदा बस चुकली, शेवटी मोबाइलला गजर लावला. उठून बघायची तर बाबा गॅलरीत ग्राइंडरशेजारी बसलेले, दोन्ही हात मांडीवर.

एका सकाळी मला ते बघवेना. आई कोथिंबीर चिरत होती, तिच्या हातातली सुरी मी तशीच ओढून घेतली आणि गॅलरीत गेले.

"बाबा, सुरीला धार नाही."

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "परवाच त लावून देली."

"गेली," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि बटण दाबलं.