मेहकरचा क्लाउड एसटीने लोणारला

गेल्या रविवारी दुपारी मेहकरमधल्या आमच्या घरचा क्लाउड बंद पडला. बंद करणारा मीच होतो.

पार्श्वभूमी अशी. जुन्या कम्प्युटरमध्ये मोठी हार्ड डिस्क बसवून मी घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात ठेवले. हा आपला घरचा क्लाउड, आता जगात कुठूनही मोबाइलवर उघडा, असे घरच्यांना सांगितले आणि सगळ्यांच्या मोबाइलमधल्या मूळ प्रती पुसून टाकल्या! (जागा रिकामी व्हावी म्हणून. ती झाली.) धाकट्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओही आता त्या एकाच ठिकाणी होता.

त्याची वाट लोणारची मावशी पाहत होती. बहिणीला लहानपणी तिनेच सांभाळले; पण ऐन लग्नाच्या आठवड्यात तिच्या मांडीचे हाड मोडले आणि ती खाटेवरच राहिली. आई आणि मी व्हिडिओ दाखवायला गेलो, तेव्हा शेजारणी आधीच येऊन बसल्या होत्या. मी मोबाइल टीव्हीला जोडला. पडद्यावर पांढरे चाक फिरत राहिले. दोष नेटवर्कचा असल्याचे मी जाहीर केले. मग मोबाइलचा, मग टीव्हीचा. मावसभावाने एवढेच विचारले, की घरचा कम्प्युटर चालू आहे ना?

आईने माझ्याकडे पाहिले. "निघतानी मेन स्विच कोनं बंद केला?"

गावाला जाताना मेन स्विच बंद करूनच कुलूप लावायचे, ही आमच्या घरची जुनी शिस्त. मी ती पाळली होती. किल्लीही माझ्याच खिशात होती.

"जगात कुठूनबी दिसते म्हने," मावशी खाटेवरून म्हणाली. "लोणार जगात नाई काय रे?"

मी एसटीने मेहकर गाठले, स्विच चालू केला. काही पेटले नाही; गल्लीतलीच लाइट गेली होती. ती कधी येईल, हे कोणी सांगेना. शेवटी कम्प्युटर चादरीत बांधून मी लोणारची परतीची गाडी पकडली. गाठोड्यात काय आहे, असे कंडक्टरने विचारले. क्लाउड आहे, असे मी सांगितले.

"असू द्या," तो म्हणाला. "पन मांडीवर घ्या. शीटवर मानसं बसतात."

संध्याकाळी कम्प्युटर वायरने थेट टीव्हीला जोडला. बुद्धवंदना सुरू झाली, तेव्हा मावशीने पडल्यापडल्या हात जोडले. व्हिडिओ तिने शेवटपर्यंत पाहिला. त्यात वधूचा भाऊ फक्त पंगतीत दिसतो.