बाईंच्या टाक्यांवरचा माझा संशय

डॉक्टर मालतीबाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं फोनवर कळवलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला शरमच वाटली... पारनेरच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते, आणि पहिलं वर्षभर मी त्यांच्यावर पाळत ठेवली होती.

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. सिझेरियनमध्ये बाळ काढल्यावर गर्भपिशवी पोटात आहे तिथंच शिवायची, असं मी शिकले होते. बाई कधी तसं करत, तर कधी पिशवी उचलून पोटावर घेत, शिवत आणि परत आत ठेवत. मग एका वहीत काहीबाही लिहीत. मी आले की वही मिटत. नसबंदीच्या शिबिरांची गावोगाव धास्ती होतीच. बाई गरीब बायकांवर प्रयोग करतायत, असं माझ्या मनानं घेतलं. एकदा त्या नसताना मी वही उघडली. कुणाची पिशवी कुठे शिवली, रक्त किती गेलं, ताप कुणाला आला... सगळं टिपलेलं.

"बाई, हे त्या बायकांना माहीत आहे?" मी विचारलंच.

त्या चिडल्या नाहीत. "दोन्ही रीती चालतात, सिस्टर. आपल्या बायकांना कोणती मानवते ते मला कळत नाही, म्हणून लिहिते. पण त्यांना विचारलं नाही, हे खरं."

दुसऱ्या दिवसापासून त्या विचारू लागल्या. पारनेरातच नांदणारी सखू बाळंतपणात अडली होती. सासू सोबत होती. ती भडकलीच. "पिशवी भाईर काढनार? अन् परत ठिवली न्हाई तर आमाला काय कळनार? आतच शिवा."

बाईंनी कबूल केलं. दार लागलं की त्या आपलंच खरं करतील, म्हणून मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही. त्यांनी आतच शिवायला घेतलं. पण चीर कोपऱ्यात फाटली होती, रक्त साचत होतं, फाटल्याचं टोक दिसेना.

"घ्या ना बाहेर!" मीच ओरडले.

बाई सखूकडे वाकल्या. कमरेतून भूल दिल्यानं ती जागी होती. "रक्त थांबत नाही, सखू. पिशवी बाहेर घेऊ?"

"घ्या... पर माघारी ठिवा."

टोक सापडलं, रक्त थांबलं. बाईंनी स्वतःच बाहेर जाऊन सासूला खरं सांगितलं. पुढं दोन वर्षं म्हातारी भेटेल त्याला सांगत राहिली, डॉक्टरणीनं सुनेची पिशवी ठेवून घेतली. बायका यायच्या कमी झाल्या. बाईंनी खुलासा केला नाही.

मग एका सकाळी भरल्या दिवसांची सखू दारात उभी राहिली. मागून सासू. "ठिवली हुती म्हनायची," म्हातारी पुटपुटली.

बाई हसल्या नाहीत. बाकावर तिच्या शेजारी टेकल्या आणि या वेळी पिशवी कशी शिवायची, ते दोघींना विचारू लागल्या... मला त्या अजून तिथंच बसलेल्या दिसतात.