आधी साखर, मग कारण

“हात करा पुढं.”

वैनी दारात आल्या की पहिलं वाक्य हेच. ‘बरं हाय का’ नाही, ‘चहा झाला का’ नाही. डाव्या हातात स्टीलची वाटी, उजव्या हातात चमचा. तुम्ही हात पुढं केलात की तळव्यावर चमचाभर साखर पडायची. “कशाची हो?” असं विचारलंत तर मान हलवायच्या. “आधी खावा. मग सांगतो.”

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ असंच बोलतात, तेव्हा तिथं दचकू नका. दचकायच्या गोष्टी पुढं आहेत.

साखर वाटणं म्हणजे आमच्या कोल्हापुरात काही नवलाई नव्हे. नात झाली, पोरगं पास झालं, कुणी निवडून आलं, की साखर. पण वैनींची साखर निराळी. ती तोंडात विरघळल्यावर कारण कळायचं, आणि ते कळल्यावर माणूस आ वासून बघत राहायचा. बरं, साखर खाऊन झालेली असल्यामुळं नाक मुरडायची सोयही उरत नसे. मला मधुमेह आहे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. “चार दाण्यानं कोण मरत न्हाय, भावजी,” हे त्यांचं उत्तर.

मी पहिल्यांदा फसलो ते सिलिंडरच्या वेळी. साखर खाल्ली आणि विचारलं, काय, मुलाचं लग्न जमलं की काय?

“सिलिंडर बदलला. माझ्या हातानं.”

“आणि?”

“आणि काय? रेग्युलेटर बसतोय का बघितलं, काडी ओढली, पेटला. इतकी वर्षं कोण गडीमाणूस घरात येतंय म्हणून चहा थांबायचा. आता न्हाय थांबायचा.”

एवढ्याशा गोष्टीची साखर! मी आमच्या मंडळीकडं बघितलं. ती मात्र हसली नाही. तिनं परत हात पुढं केला आणि वैनींनी तिला दुसरा चमचा घातला.

वैनी आमच्या समोरच्या घरात राहायच्या. त्यांचे मालक, ते गल्लीचे अण्णा, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, म्हणून त्या वैनी आणि मी भावजी. मी एका दूध संघाच्या टँकरवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. गावोगावचं दूध भरून आणायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर दिवसभर गॅलरीत बसून गल्ली बघायची हा माझा उद्योग. त्यामुळं या बाईंचं पुढं काय काय झालं ते मी पहिल्यापासून बघितलंय असं मला वाटायचं. तो माझा गैरसमज होता.

सिलिंडरनंतर दोन महिन्यांनी मिसळ आली. म्हणजे साखरच आली, कारण मिसळ होतं. वैनी एकट्या हॉटेलात गेल्या, टेबलावर बसल्या, मिसळ खाल्ली आणि वरचा तिखट कट दोनदा मागून घेतला. आमची मंडळी तोंडावर हात ठेवून म्हणाली, “एकट्या? अगंबाई! लोकं काय म्हणली?”

“लोकं मिसळ खात हुती.”

मग एकदा, “दुपारी पाव्हणं आलते. मी झोपलतो. उठलो न्हाय.” ही साखर तर माझ्या घशात अडकली. पाव्हणं म्हणजे खुद्द अण्णांची बहीण आणि तिचे यजमान. त्यांनी चहा कुणाच्या हातचा घेतला, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मग एकदा पार्सल आलं. पुण्याच्या मुलानं चपला पाठवल्या होत्या, वैनींच्या नावावर. पार्सलवाल्यानं नाव विचारलं तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या म्हणे. “माझंच नाव भावजी, पर सांगायची सवय कुठं हाय? सांगितलं मग. जोरात सांगितलं.”

मी हसायचो. खोटं कशाला बोलू, त्या गेल्यावर मी त्यांच्या नकलासुद्धा करायचो. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गल्लीत पसरवण्यात माझाही हात होता.

आता या बाईंना खरं काय हवं होतं, ते सांगतो. त्यांनी ते कधी लपवलं नाही.

त्यांचं माहेर आजऱ्याचं. आमच्याकडं रीत अशी, की सासुरवाशिणीनं आपली आपण उठून माहेरला जायचं नाही. न्यायला कुणीतरी यावं लागतं. भाऊ येईल, भाचा येईल, चुलता येईल. त्याला मुराळी म्हणतात. नव्या नवरीची ही रीत. पोरंबाळं मोठी झाली की बहुतेक घरांत ती आपोआप सुटते. अण्णांच्या घरात सुटली नव्हती. वैनींचा भाऊ वर्षातून दोनदा यायचा, घनसाळ तांदळाची पिशवी अण्णांच्या पुढ्यात ठेवायचा आणि बहिणीला घेऊन जायचा. पाच वर्षांपूर्वी तो गेला. माहेरी राहिल्या म्हाताऱ्या आई, नव्वदीच्या घरातल्या, आणि त्यांना सांभाळणारी भावजय. भाचा लग्नानंतर परदेशात गेलेला. न्यायला येणार कोण?

अण्णा स्वतः जायचे नाहीत. त्याच भाच्याच्या लग्नात त्यांना मानाचा फेटा बांधायचा राहिला होता. गर्दीत राहून गेलं. तेव्हापासून त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलेलं. पण माणूस वाईट नव्हे हो. बायकोवर कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. “जा की,” म्हणायचे, “मी कुठं नको म्हनतोय? न्यायला येऊ दे कोनतरी.” पाच वर्षं कुणी आलं नाही, आणि पाच वर्षं अण्णांनी नको म्हटलं नाही.

“भावजी, मला माझी मी जायचं हाय,” वैनी मला म्हणाल्या होत्या. “आई हाय तवर.”

“जाशीला की,” मी म्हणालो होतो. पेपर वाचता वाचता.

गेल्या हिवाळ्यात त्या स्कूटर शिकवा म्हणून आल्या. मुलाची जुनी स्कूटर पुण्याला न्यायची राहून गेली होती, ती दारात झाकून उभी होती. वय अठ्ठावन्न, पायात त्या पार्सलच्या चपला, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं, चार दिवस हौस करतील आणि सोडतील. शिवाय शिकवायला मला कुणी भेटत नव्हतं, तो एक भाग होताच.

गल्लीमागच्या मैदानावर आमची शाळा सुरू झाली. मी शिकवलं ते टँकरवाल्यानं शिकवावं तसं. ब्रेक मारायच्या आधी मागं माल किती आहे ते आठवायचं, वळण आलं की दुधाला हिसका बसू द्यायचा नाही. वैनींनी ते इतकं मनावर घेतलं, की कुत्रं दिसलं की पन्नास फूट अलीकडूनच ब्रेक लावायच्या. “वैनी, मागं दूध न्हाय ओ!” मी ओरडायचो. “असंल म्हनून चालवायची, तुमीच सांगितलंसा की.” मागं दूध नव्हतं, पण महिनाभरानं आमची मंडळी बसायला लागली. दोघी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि कशावर तरी खदखदून हसायच्या. कशावर, ते मला कधी सांगितलं नाही.

शिकाऊ लायसन मिळालं, साखर. आरटीओत पाय न टेकता आठचा आकडा काढला, साखर. त्या दिवशी दोन चमचे.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. भावजी, हायवेला कुठल्या कडंनं चालवायची? निपाणीत आत कुठं वळायचं? उत्तूरच्या अलीकडं चढ हाय न्हवं, त्यो कसा हाय? मला काय, आजऱ्याच्या रस्त्यावर मी निम्मं आयुष्य काढलेलं. विचारणारं माणूस मिळालं म्हणून मी फुगलो. एका कॅलेंडरच्या पाठीमागं आख्खा रस्ता काढून दिला. पंप कुठं, चहाची टपरी कुठं, कुठला गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांशिवाय आहे, सगळं. वर शहाणपणा शिकवला, “निघायचं तर सकाळी सहाला. ऊन व्हायच्या आत पोचतंय मानूस.” हे सगळं मी बोललो. माझ्या या तोंडानं.

फेब्रुवारीतली सकाळ. दूध घ्यायला दार उघडलं तर वैनी उभ्या.

“हात करा पुढं.”

मी साखर तोंडात टाकली. “कशाची?”

“सांगतो मागनं. अजून झालं न्हाय.”

झालं नसताना साखर त्यांनी कधी दिली नव्हती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी दार लावून परत अंथरुणात शिरलो.

नऊ वाजता अण्णा रस्त्यावर आले. अंगात बनियन, हातात रिकामा कप. “आमची ही कुठं हाय?” स्वयंपाकघर थंड होतं. चहा नाही, भाकरी नाही. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कोण म्हणे देवळात बघा, कोण म्हणे दवाखान्यात बघा, एकीनं तर रंकाळा तलावाचं नाव काढलं आणि दुसरीनं तिला दटावलं. मी गॅलरीतून खाली बघितलं. समोरच्या दारात स्कूटरचं झाकण नीट घडी घालून ठेवलेलं होतं. स्कूटर नव्हती.

ऐंशी किलोमीटर. हायवेचे ट्रक. तो चढ. आणि कॅलेंडरच्या पाठीमागं काढलेला माझा नकाशा. मला सगळं कळलं होतं आणि खाली जाऊनसुद्धा मी दीड तास तोंड उघडलं नाही. भीतीनं उघडलं नाही. काही बरंवाईट झालं असतं तर गल्लीनं माझं नाव घेतलं असतं, हाच विचार माझ्या मनात होता. हे लिहितानाही लाज वाटते.

पावणेअकराला अण्णांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

“पोचलीस? कुठं पोचलीस?”

मग अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कुनाबरं गेलीस?”

पलीकडून उत्तर आलं असावं. अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला नव्हता. भर दुपारी सूर्य मावळलेला बघितला तर माणूस कसा दिसेल, तसा दिसत होता.

“एकटी म्हंजे? एकटी म्हंजे कोन कोन?”

कुणीही हसलं नाही. फोन ठेवून ते कठड्यावर बसले आणि त्यांनी रिकामा कप तोंडाला लावला.

बाकीचं मला आमच्या मंडळीकडून कळलं. वैनींनी दुपारी तिला फोन केला होता. त्या चढाच्या पायथ्याला गाडी लावून त्या झाडाखाली बसल्या. परत फिरावं असं वाटलं. एक ट्रकवाला थांबला, “मावशे, काय पायजे का?” म्हणाला. “काय नको, माझी मी बसलोय,” असं म्हणाल्या आणि तेवढं बोलल्यावर उठून गाडीला चावी लावली. घरात शिरल्या तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नजर गेलेली, पण पाऊल ओळखलं.

“मुराळी कोन गेलतं गं?” म्हातारीनं विचारलं.

“मीच, आये.”

हे सांगताना आमची मंडळी रडली. मीही रडलो, पण पेपर आडवा धरून.

संध्याकाळपर्यंत येतील, असं अण्णांना वाटलं. मग आठवडाभरात येतील असं वाटलं. जावा की आणायला, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. “मी काय मुराळी हाय व्हय?” म्हणाले आणि आत गेले. मग मीच फोन लावला. कवा येताय वैनी, विचारलं.

“आईचं बघतोय. भावजयीला जरा इसावा मिळंना झालता.”

“आणि अण्णा?”

“तेनला फेटा बांधायला मी तयार हाय म्हनावं. पर न्यायला म्हनून कुनी येऊ नका. माझी मी आलो, माझी मी येतो.”

“कवा?”

“ते मी बघीन की.”

आता चार महिने होतील. समोरचं दार उघडं असतं, पण आवाज नसतो. अण्णा वाळले आहेत. हॉटेलचा डबा त्यांना मानवत नाही. आमची मंडळी त्यांना भाजी पाठवायची, पण परवापासून तिनं तेही बंद केलं. “शिकू देत की,” म्हणाली. स्वतः मात्र रोज संध्याकाळी आमची स्कूटर घेऊन मैदानावर जाते. मी शिकवायला येतो म्हटलं तर नको म्हणाली.

काल अकराच्या सुमाराला अण्णा जिना चढून वर आले. एका हातात कुकर, एका हातात त्याचं झाकण. कुकरात धुतलेले तांदूळ.

“ड्रायव्हर, ह्येचं झाकन कसं लागतंय बघा जरा.”

मोठ्या तोऱ्यात मी झाकण घेतलं. टँकरची झाकणं लावण्यात एकतीस वर्षं गेलेली. हे झाकण आतून बसणारं होतं. सरळ घातलं, बसेना. आडवं घातलं, ते तांदळात पडलं. काढलं, पुसलं, उलटं करून बघितलं. अण्णा माझ्या हातांकडं बघत होते, आणि आमच्या घरात रोज दोनदा शिटी होते तो कुकर मी आजवर कधी हातात धरलेला नाही, हे मला तेव्हा कळलं.

“अगं ए, भाईर ये जरा!” मी आत हाक मारली.

उत्तर आलं नाही. परत हाक मारली. आत जाऊन बघितलं तर ओटा पुसलेला, गॅस बंद, कुणी नाही. दळण आणायला गेली असेल, असं मी अण्णांना सांगितलं. अण्णा नुसते माझ्याकडं बघत राहिले.

मी कुकर त्यांच्या हातात दिला, गॅलरीत गेलो आणि आमची गाडी खाली जाग्यावर आहे का, ते वाकून बघितलं.