आत्याच्या गाडीचे टायर

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर होतो. वणीला पोचलो तर अंगणात तिचे धाकटे दीर प्रभाकरराव गंभीर चेहरा करून बसलेले. मला बाजूला घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीची चाबी कुठं ठेवते रे वहिनी?" अजून तिला उचललंही नव्हतं...

गाडी म्हणजे दोन माणसांची जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार, तारांच्या आऱ्यांच्या चाकांची. खाणीतल्या एका साहेबानं बदलीच्या वेळी ती आत्याच्या यजमानांना दिली होती. त्यांच्या मागे आत्यानं कोळशाच्या ट्रकांचा धंदा सांभाळला आणि ही गाडीही. ट्रकांमुळे तिला टायरची पारख होती. माणसांची तर होतीच. बहुतेकांना ती तुच्छ मानायची आणि क्वचितच चुकायची.

टायर झिजले तेव्हा शहाण्यांची रांगच लागली. दुकानदारानं रुंद, ट्यूबलेस टायर पुढे केले, तर आत्या कडाडली, "तारेच्या चाकात बिनट्यूबची हवा राहीन का रे? अन् हा रेडा मडगार्डले घासन. स्टेरिंग कोण, तुहा बाप फिरवन?" तिला हवे होते अरुंद, उंच कडेचे, ट्यूबवाले, मापानं जुने, पण रबरानं ताजे. एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. प्रभाकररावांनी तर नागपूरहून 'अस्सल' टायर आणले, कधीकाळचे, न वापरलेले, पॉलिश मारलेले. आत्यानं कडेवर अंगठा दाबला. बारीक भेगा उघडल्या.

"भाऊजी, हे तुमच्याच वयाचे दिसून राह्यले. वरून चमक, आतून कडक."

"बाईमाणसाले काय समजते टायरातलं?"

तिनं ते टायर लावू दिले आणि चाबी त्यांच्या हातात ठेवली. "फुटन ना आत्या," मी म्हटलं. "गल्लीच्या बाहेर न्यायची हिंमत नाही त्यायची," ती म्हणाली. पण प्रभाकरराव थेट चंद्रपूरच्या रस्त्याला लागले. टायर फुटला, गाडी आडवी होऊन कपाशीत शिरली. आम्ही धावत पोचलो तेव्हा आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लागलं तं नाही ना भाऊजी? माह्यी चूक झाली..." तिला कुणाची माफी मागताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

"गाडीच भंगार आहे तुमची," पँटवरची माती झटकत ते म्हणाले.

तिचा चेहरा पूर्ववत झाला. मग महिनोन्‌महिने वाट पाहून तिनं परदेशातून हवे तसे टायर मागवले. चाबी पुन्हा कुणाला दिली नाही. शेवटच्या आजारात तेवढी तिनं ती माझ्या हातात ठेवली. शोकसभेत मात्र प्रभाकररावांनी डोळे पुसत सांगितलं की वहिनींना टायरमधलं सगळं त्यांनीच शिकवलं. लोकांनी माना डोलावल्या.

परवा गाडी बाहेर काढली. आत्या ठेंगणी, रस्ता दिसावा म्हणून सीटवर कापसाची जाड उशी घालायची. तिच्यावर बसलं की माझं डोकं कापडी टपाला लागतं. फाटकाशी प्रभाकरराव उभेच होते.

"उशी काढून टाक ना. कायले त्रास घेतं?"

मी मान वाकवली आणि तशीच गाडी रस्त्याला लावली.