जाण्याआधी एवढं पाहून द्या

आमचे हे, म्हणजे तेजराम, चौतीस वर्षं जवाहरनगरच्या कारखान्यात मशिनींच्या देखभालीवर होते. या चौतीस वर्षांत कारखान्याच्या बसला यांच्यासाठी एकदाही थांबावं लागलं नाही, कारण बस यायच्या दहा मिनिटं आधीच हे स्टॉपवर उभे असत. रिटायर होऊन आम्ही जवळच्याच शहापूरला स्वतःच्या घरात आलो, तरी ती खोड गेली नाही. चर्चमध्ये नऊची उपासना असली की हे साडेआठला कुलूप उघडून, पंखे लावून, पहिल्या बाकावर हजर. उपदेश लांबला की मनगटावरच्या घड्याळाकडे असं पाहतात की पास्टर अंकुश, बिचारा आमच्या पोरीच्या वयाचा, दोन मुद्दे गाळून सरळ 'आमेन'वर येतो.

अशा माणसाबरोबर मी एक वर्षाच्या मिशनरी सेवेला निघाले होते. झारखंडात डोंगराकडे मिशनचं एक वसतिगृह आहे. तिथला पाण्याचा पंप आणि वायरिंग यांनी पाहायचं, स्वयंपाकघर मी पाहायचं आणि संध्याकाळी मुलांसोबत प्रार्थनेला बसायचं. गाडी रविवारी दुपारी वरठी स्टेशनवरून होती आणि त्याआधी सकाळी नऊला चर्चमध्ये निरोपाची सभा.

सोमवारी शेजारच्या सत्यभामाला ही बातमी सांगितली. ती बुद्धविहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष, कोणतीही गोष्ट तपासून घेतल्याशिवाय मानत नाही.

"मिशनरी त बाहेरून इकडं येत असतेत न वो बाई? तुम्ही उलटे कुठं चालले?"

"आता उलटी गाडी सुरू झाली," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला, घरात गेली आणि मिक्सर घेऊन आली. "भाऊ, मंग जाण्याआधी एवढं पाहून द्या न. तुम्ही गेल्यावर कोण पाहीन?"

इथेच सगळं बिघडलं. यांना नाही म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की तेजरामभाऊ वर्षभर नाहीत, आणि मंगळवारी सकाळी आमच्या अंगणात तीन मिक्सर, दोन कुकर, एक इस्त्री आणि एक टेबलफॅन येऊन बसले. एकाने भिंतीवरचं घड्याळ आणलं. त्याचा सेल संपला होता. हे त्याला तसं सांगून मोकळे झाले असते, पण नाही, आमच्याच घड्याळाचा सेल काढून त्यात घातला.

मला मिक्सरचा राग नव्हता. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या आठवड्यात खरं काम एकच होतं: यांच्या गावी, एकोडीला जाऊन माझ्या भासऱ्यांना, म्हणजे यांच्या मोठ्या भावाला, सोमाजींना सांगून येणं. सासरे लवकर गेले. सोमाजींनीच यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं, धानाच्या बांधीत उभं राहून यांना पाढे म्हणायला लावले. पुढे आम्ही बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. पण वर्षभरात सासूबाई वारल्या. दहाव्या दिवशी न्हावी आला, सोमाजी डोकं भादरून उठले, आणि यांनी बसायला नकार दिला. मायसाठी रडीन, पण मुंडण करणार नाही, म्हणाले. "मंग माझ्या दारात येऊ नको," सोमाजी म्हणाले, आणि हे गेले नाहीत.

त्याला चौदा वर्षं झाली. ज्या केसांपायी भांडण झालं त्यातला एकही आज यांच्या डोक्यावर नाही. मला कधी याचं हसू येतं, कधी संताप येतो. संताप दोघांचाही येतो, पण माझ्या माणसाचा जास्त, कारण तो हाताशी असतो.

मंगळवारी हे म्हणाले, "उद्या जातो एकोडीले." बुधवारी टीना, आमची मुलगी, नागपूरहून सामान बांधायला आली, म्हणून राहिलं. मी बॅगेत पाच किलो तांदूळ भरले, तिने ते काढले. "आई, झारखंडात भातच खातेत." मी लाखोळीची डाळ भरली, तीही तिने काढली. तिची पाठ वळली की मी पुन्हा भरली. गुरुवारी पास्टर अंकुश चर्चचा इन्व्हर्टर शिकायला आला. यांनी त्याला कोणतं बटण केव्हा दाबायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि त्याने यांना रविवारी साक्ष द्यायला सांगितलं. म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. ते ऐकून यांना घाम फुटला. रात्रीचं जेवण राहू देऊन चार पानं लिहून काढली. शुक्रवारी म्हणाले, "उद्या नक्की जातो." आणि त्याच दमात सत्यभामाच्या बहिणीचा गिझर उघडून बसले.

तेव्हा मला उमगलं. गिझर यांना सोडत नव्हता असं नाही, हेच गिझरला सोडत नव्हते. एकोडीला जाऊन दार बंद मिळालं तर काय, ही भीती होती. चौतीस वर्षं कधी उशीर न केलेला माणूस या एका कामाला चौदा वर्षं उशीर करत होता.

मी मागच्या अंगणात जाऊन माझ्या जाऊबाईंना, चंद्रभागाबाईंना, फोन लावला. बायकांचं बोलणं या चौदा वर्षांत कधी तुटलं नव्हतं, फक्त पुरुषांना ते माहीत नव्हतं. रविवारी जातोय, भासऱ्यांनी एकदा येऊन जावं, म्हटलं.

"त्याईले कारण लागते बापा," त्या म्हणाल्या. "उगाच नाही येत ते कुठं."

"इथं त लोक रोज कारणं घेऊनच येऊन राहिले," मी म्हटलं, आणि मिक्सर, कुकर, गिझर सगळं सांगितलं.

शनिवारी हे गेले नाहीतच.

रविवारी सकाळी आठ वाजता हे पांढरा शर्ट घालून, साक्षीची चार पानं खिशात ठेवून दारात उभे होते. आणि फाटकातून सोमाजी आत आले. पाठीवर फवारणीचा पंप. एकोडीहून बसने, तो पंप मांडीवर घेऊन आले होते. मी डोक्यावर पदर घेतला.

"पंप दाब धरत नाही," सोमाजी अंगणाकडे पाहत म्हणाले. "धानाले तुडतुडा लागून राहिला. म्हटलं, तू जाऊन राहिला, त पाहून घेशीन."

"तुमच्या तिकडं साकोलीत कोणी नव्हता का, मोठे बाबा?" टीनाने विचारलं. मी तिला असा चिमटा काढला की ती सरळ चहा ठेवायला गेली.

हे पांढऱ्या शर्टातच जमिनीवर बसले आणि पंप उघडला. आतला वायसर नव्हताच. झिजला नव्हता, फाटला नव्हता, जागेवरूनच गायब होता. यांनी वर पाहिलं. सोमाजी चहा बशीत ओतत होते. वायसरांचा डबा गुरुवारीच पास्टरला देऊन झाला होता. मग यांनी माझी जुनी रबरी चप्पल घेतली, तिच्यावर वाटी ठेवून पेन्सिलीने गोल आखला, तो मोठा झाला, मग बाटलीचं झाकण ठेवून आखला आणि ब्लेडने कापायला घेतला.

नऊ वाजले. पास्टरचा फोन आला, मी उचलला नाही. सव्वानऊला पुन्हा आला. माझा नवरा, जो लग्नाच्या मांडवातही वऱ्हाडाच्या आधी पोचला होता, चप्पल घासत बसला होता आणि घड्याळाकडे पाहत नव्हता.

सोमाजी खूप वेळ यांच्या डोक्याकडे पाहत होते. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाले, "मायच्या वक्ताले नाही काढले. आता त सप्पाच गेले."

"हाव," हे म्हणाले. "कोणाले न विचारता गेले."

सोमाजींच्या मिशा हलल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पंप पाठीला लावून यांनी सत्यभामाच्या जास्वंदीवर पाणी मारून पाहिलं. दाब चांगला होता. "चाल," सोमाजी म्हणाले, "तुले उशीर होऊन राहिला. मी मांगं बसीन. मले तुमच्यासारखं उठ-बस नाही जमत."

चर्चमध्ये आम्ही पावणेदहाला पोचलो. सगळी माणसं माना खाली घालून बसली होती. तेजरामभाऊंना उशीर झाला म्हणजे ते नक्कीच दवाखान्यात असणार, असं गृहीत धरून पास्टर अंकुशने त्यांच्यासाठी प्रार्थनाही सुरू केली होती. यांचा शर्ट काळा झालेला, पानांना तेल लागलेलं. यांनी पानं उघडली, पुन्हा घडी घातली.

"माझा दादा आला आहे," म्हणाले, आणि खाली बसले.

साक्ष तेवढीच झाली. मागच्या बाकावर सोमाजी पंप मांडीवर घेऊन बसले होते.

दुपारी वरठीला ते स्टेशनवरही आले. गाडी हलायच्या बेतात असताना त्यांनी शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि तिच्याखालून एक काळा, गोल वायसर. खिडकीतून तो यांच्या हातावर ठेवला.

"हा असू दे तुझ्यापाशी. चपलेचा काही सालभर टिकत नाही. वापस आला का घरी येजो आणि बसवून देजो."

गाडी सुटली. हे वायसर मुठीत धरून खिडकीशी बसले, आणि गोंदिया येईपर्यंत यांनी ती मूठ उघडली नाही.